नक्कल करा, पण नक्कल म्हणूनच विका

सिनेमात दिसलेली एखादी धातूची वस्तू आपल्या कपाटात असावी, अशी हौस असणारे लोक आज जगभर आहेत. कोणाला शिरस्त्राण हवे असते, कोणाला कंदील, कोणाला तलवारीची मूठ. मूळ वस्तू मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. म्हणून तिची हुबेहूब प्रतिकृती बनवून घेतात. आपल्या गल्लीतील टर्नर, फिटर, पॉलिशवाला यांना हे काम जमेल काय, असा प्रश्न आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे : जमेल, आणि कमी भांडवलात जमेल. मात्र एका अटीवर. ती अट शेवटी सांगू, कारण आधी कामाची ओळख व्हायला हवी. सिनेमा पाहावा की पाहू नये, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न हुनराचा आणि हलाल रोजीचा आहे.

भंगारातून निघालेली तलवार

उदाहरणादाखल ‘स्टार वॉर्स’ या 1977 च्या इंग्रजी चित्रपटातील ‘लाइटसेबर’ घ्या. ही प्रकाशाची तलवार. पाते प्रकाशाचे, म्हणजे कॅमेऱ्याची करामत. हातात फक्त धातूची मूठ. ती मूठ एखाद्या मोठ्या कारखान्यात तयार झाली असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पैसा तोकडा होता. सेट सजविणारे रॉजर ख्रिश्चन यांना लंडनच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात ‘ग्राफ्लेक्स’ कंपनीच्या जुन्या फ्लॅशगनच्या दांड्या मिळाल्या. पितळेची नळी, वर क्रोमचे पाणी, आत तीन मोठे सेल. त्यांनी खालच्या बाजूस ‘टी’ आकाराच्या रबरी पट्ट्या चिकटविल्या, वरच्या कड्यात जुन्या कॅल्क्युलेटरची भिंगांची पट्टी बसविली आणि नायकाची तलवार तयार झाली. त्याच चित्रपटातील वृद्ध योद्ध्याची मूठ तर निव्वळ भंगार : जेट विमानाच्या इंजिनाची नळी, पाण्याच्या नळाची मूठ, पहिल्या महायुद्धातील रायफल-ग्रेनेडचा भाग. या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला 1978 साली ऑस्कर मिळाले आणि ते घेणाऱ्यांत ख्रिश्चन यांचेही नाव होते.

भंगाराची पारख आमच्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. मुंबईच्या मटन स्ट्रीटवरून सिनेमावाले जुन्या वस्तू विकत वा भाड्याने नेत आले आहेत. पण आपण वस्तू देतो आणि बाजूला होतो. त्या वस्तूतून दुसरी वस्तू पाहणारी नजर आपण कमावली नाही, हीच आमची खंत आहे.

थोडक्या खर्चात कसे बनते ?

आज त्या मूळ दांड्यांना हौशी लोकांमुळे भारी किंमत आली आहे. पण ती मूठ नव्याने बनविणे अवघड नाही. सर्वप्रथम माप. मूळ वस्तू हातात नसली तर तिच्यात बसणाऱ्या वस्तूवरून माप काढावे. दांडीत मोठ्या टॉर्चचे सेल जात असत. हा सेल सुमारे 34 मि.मी. जाड आणि 61 मि.मी. लांब असतो. म्हणजे नळीचा आतला व्यास 34 हून थोडा जास्त हवा. जिन्याच्या रेलिंगला लागणारा दीड इंची स्टेनलेस पाईप घ्या. बाहेरून 38 मि.मी., दीड मि.मी. जाडीचा असेल तर आतून 35. सेल बरोबर बसतो. असे फूटभराचे तुकडे ग्रिलवाल्याकडे उरलेले पडून असतात.

पाईपाला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्याचा किंवा पीव्हीसी नळीचा नमुना करून पाहावा. चूक पुठ्ठ्यात झाली तर नुकसान नाही. तिरका काप किंवा खाच घ्यायची असेल तर नळीवर डोळ्यांनी खूण करू नये. 38 मि.मी. नळीचा घेर 120 मि.मी.ला किंचित कमी भरतो. तेवढ्या कागदावर आकृती काढावी, कागद नळीला गुंडाळावा, कडेला कड जुळली की खूण करावी. नळी शिकंज्यात धरताना आत लाकडाचा गोल ठोकळा घालावा, नाहीतर ती चेपते. कापल्यावर आतली बाहेरची धार कानसीने मोडावी.

स्क्रूच्या बाबतीत अनेकजण फसतात. दीड मि.मी. जाडीत 4 मि.मी. स्क्रूचे जेमतेम दोन आटे पडतात आणि ते लवकर झिजतात. तेव्हा आतून नट द्यावा किंवा रिव्हेट मारावा. पितळेवर क्रोम चढविण्याचा खर्च टाळायचा तर स्टेनलेसच बरे. 120, 240, 400, 600 अशा क्रमाने पॉलिश पेपर मारून बफ फिरविला की आरशासारखी चमक येते. टप्पा गाळला तर जुने ओरखडे चमकीतून उठून दिसतात. रबरी पट्टी चिकटविण्यापूर्वी थिनरने तेलाचा अंश पुसावा. लेथ आणि बफवर सैल बाही नको, गळ्यात रुमाल नको, डोळ्यांवर चष्मा हवा. एका नगाची बचत बोटापेक्षा मोठी नाही.

भाव धातूचा नव्हे, हाताचा

आता हिशेब. फूटभर पाईपाचे वजन सुमारे चारशे ग्रॅम. किलोच्या भावाने पाहिले तर माल क्षुल्लक आहे. आमचा कारागीर येथेच चुकतो. तो वजनावर थोडी मजुरी लावून मोकळा होतो. नमुना, माप, लेथ, कानस, पॉलिश, वाया गेलेला पहिला पाईप आणि शिकाऊ मुलाचा वेळ, हे सारे कागदावर मांडून मगच भाव सांगावा. पुढच्या दहा नगांसाठी खाच पाडण्याचा साचा करून ठेवला तर वेळ वाचतो. ती बचत आपली कमाई आहे, गिऱ्हाइकाला आपण होऊन बहाल करण्याची वस्तू नाही.

कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्यांचे माप नीट राखण्याच्या आज्ञेचा उल्लेख आहे. धातूचे काम करणाऱ्याला यापेक्षा मोठा मान कोणता ? ज्या हुनराला हा मान आहे, ते भंगाराच्या भावाने विकणे आम्हांस पटत नाही.

ती एक अट

सिनेमातील वस्तू कोरी करकरीत दिसून चालत नाही. म्हणून प्रतिकृतीवर मुद्दाम ओरखडे पाडतात, रंग काळवंडवितात. यात काही वावगे नाही. गिऱ्हाइकाने तेच मागितलेले असते. पण हीच कला दुसऱ्या वाटेला लागली की घात होतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात कालपरवा ओतलेले पितळेचे होकायंत्र शंभर वर्षांपूर्वीचे साल कोरून विकले जाते, नवा भोंगा बसविलेला ग्रामोफोन अस्सल म्हणून खपविला जातो, हे जाणकारांना ठाऊक आहे. बनविणाऱ्याला मजुरी मिळते, विकणाऱ्याला नफा मिळतो आणि बदनामी मात्र साऱ्या बाजाराची होते. मग अस्सल माल ठेवणाऱ्या प्रामाणिक दुकानदारावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणारा आपला नव्हे, असे बजावले. ही हदीस प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ आहे. ओरखडे पाडलेल्या नव्या पितळेलाही ती लागू आहे. म्हणून आमची अट अशी : प्रत्येक प्रतिकृतीवर आपल्या कारखान्याची खूण आणि बनविल्याचे साल आतल्या बाजूस ठोकावे आणि पावतीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द लिहावा. तुमच्या हातून गेलेली वस्तू तिसऱ्याच्या हाती पडली तरी ती खूण तुमच्या वतीने खरे बोलेल.

कायद्याचे भान

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सिनेमा कंपन्या आपले हक्क सोडीत नाहीत. त्याच ‘स्टार वॉर्स’च्या सैनिकांची शिरस्त्राणे 1976 साली बनविणाऱ्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे त्यांच्या प्रतिकृती विकल्या. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2011 च्या निकालात ते शिरस्त्राण ‘शिल्प’ नव्हे असे ठरले, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्यांची बाजू राहिली. पण अमेरिकेतील हक्कभंगाचा दावा तेथेही चालू शकतो, असेही ठरले. तेव्हा कंपनीचे नाव व चिन्ह वापरू नये आणि परदेशी मोठी ऑर्डर वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. शस्त्र कायदा 1959 चा आहे आणि तलवार, खंजीर त्याच्या कक्षेत येतात. धारेची तलवार किंवा बंदुकीसारखी दिसणारी वस्तू ‘सिनेमासाठी’ म्हणून कारखान्यात ठेवली, तर ती पाहणाऱ्याला सिनेमा आठवेलच असे नाही. आमच्या वस्त्यांत तर ही जोखीम मुळीच पत्करू नये. कंदील, दुर्बीण, पदके, मुठी, यंत्रांचे भाग यांत पुष्कळ काम आहे.

नक्कल करणे ही कमीपणाची गोष्ट नाही. शागीर्द उस्तादाची नक्कल करूनच शिकतो. पण आपली नक्कल अस्सल म्हणून खपविणारा पुढे स्वतःचे नाव कशावरही कोरू शकत नाही. आमच्या कारागिरांनी पहिल्याच नगावर स्वतःचे नाव कोरावे. बरकत देणारा अल्लाह आहे.