३२ बिट निघालं म्हणता? ड्रायव्हरवाल्यांना विचारा

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. त्यावरून ‘३२ बिट संपलं’ असा सूर लागलाय. डेस्कटॉपपुरतं ते ठीक आहे. पण मायक्रोकंट्रोलर्समध्ये ३२ बिट अजून ठाण मांडून आहे आणि त्याला जोडलेल्या हार्डवेअरमध्ये ६४ बिटचे रजिस्टर सर्रास असतात.

मग ड्रायव्हर काय करतो? एक मोठं वाचन दोन छोट्या वाचनांत उरकतो. गोची होते ती या दोन वाचनांच्या मधल्या क्षणात.

रिस्क-व्हीचा टायमर घ्या. हा काउंटर ६४ बिटचा. १० मेगाहर्ट्झवर चालला तर खालचा अर्धा भाग दर सात मिनिटांनी भरून शून्यावर येतो. तुम्ही वरचा भाग वाचला, तेवढ्यात खालचा उलटला आणि मग तो वाचलात, तर घड्याळ सात मिनिटं मागे! उलट क्रमाने वाचलं तर तेवढंच पुढे. म्हणून वरचा, खालचा, पुन्हा वरचा असं वाचायचं. वरचे दोन आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. टेस्टिंगमध्ये ही चूक सहसा सापडत नाही, कारण नेमका तो क्षण गाठावा लागतो.

लिहिताना आणखी जपावं लागतं. अलार्मची वेळ बदलताना अर्धीच नवी वेळ पाहून टायमर भलतंच इंटरप्ट देऊ शकतो. त्यामुळे खालच्या भागात आधी सगळे एक भरायचे, मग वरचा भाग, शेवटी खरा खालचा.

लिनक्सने यासाठी दोन हेडर फाइल्स ठेवल्यात: एकीत खालचा भाग आधी, दुसरीत वरचा. दोन्हींच्या नावातच ‘नॉनअ‍ॅटॉमिक’ आहे. काही ३२ बिट प्लॅटफॉर्मवर यातली एक न घेता ६४ बिट वाचन लिहिलं, तर कोड कंपाइलच होत नाही. हा हट्ट मला योग्य वाटतो. कुठला अर्धा भाग लिहिल्यावर डिव्हाइस कामाला लागतं, हे कर्नलला कसं कळणार? ते डेटाशीट वाचणाऱ्यालाच ठाऊक.

आणि गंमत म्हणजे, लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर ६४ बिट मशीनवरही काही रजिस्टर असे दोन तुकड्यांतच हाताळतो. एनव्हीएमईच्या नियमांत त्याला मुभा आहे.