'फँड्री'मधली भिंत कुणी पाहिली?

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'साहित्य आणि चित्रपट' किंवा 'माध्यमांतर' अशा नावाची अभ्यासपत्रिका आता बऱ्यापैकी रुळली आहे. त्याबद्दल आनंदच आहे. परंतु ही अभ्यासपत्रिका शिकवली कशी जाते, हे एकदा मोकळेपणाने बोलले पाहिजे. कादंबरी नेमली असेल तर प्रकाशन, आवृत्ती आणि वर्ष यांसह ती फळ्यावर लिहिली जाते. चित्रपट नेमला असेल तर सांगितले जाते, "यूट्यूबवर आहे, पाहून घ्या." कोणती प्रत, किती मोठ्या पडद्यावर, सलग की तुकड्यांत, कानाला काय लावून, यांपैकी एकही प्रश्न कुणी विचारत नाही. विचारणारा तंत्रवेडा ठरतो. "गोष्ट तर तीच राहते ना?" हे त्यावरचे ठरलेले उत्तर. माझा सारा वाद या उत्तराशी आहे.

आपण कोणत्या परंपरेचे लोक आहोत, ते आधी आठवावे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून ग्रंथ शुद्ध केला, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकवतो. १९०९ साली राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत छापली, तेव्हा तिच्या अस्सलपणावरून केवढे वादंग माजले, हेही शिकवतो. एका ओवीतल्या एका शब्दासाठी दहा पोथ्या चाळणे हे आपल्या विद्याशाखेचे भूषण आहे. त्याच विद्याशाखेतला अध्यापक चौथा भाग कापलेला चित्रपट वर्गात लावतो आणि त्यावर 'कलाकृतीचा रूपबंध' या विषयावर प्रश्न काढतो, याला काय म्हणावे?

चौथा भाग हा शब्दप्रयोग अलंकारिक नाही. प्रभातच्या 'संत तुकाराम'च्या (१९३६) काळातल्या बोलपटाची चौकट साधारण चारास तीन या प्रमाणाची. आजचा दूरचित्रवाणी संच, संगणक आणि वर्गातला प्रोजेक्टर सोळास नऊ प्रमाणाचे. जुने चित्र या नव्या चौकटीत नीट बसवायचे तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, आणि काळे पट्टे लोकांना खपत नाहीत. मग एकतर चित्र वरखाली कापायचे, म्हणजे उंचीचा बरोबर चौथा हिस्सा गेला. नाहीतर आडवे ताणायचे, म्हणजे प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद झाला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा पंगतीतून उठून आल्यासारखे दिसू लागतात. हसण्याची गोष्ट नाही. त्या चित्रपटातल्या समोरासमोरच्या, डोक्यापासून पायांपर्यंत दिसणाऱ्या, मूर्तीसारख्या रचनेबद्दल गीता कपूर यांच्यासारख्या समीक्षकांनी लिहिले आहे. भक्त देवाकडे पाहतो आणि आपण भक्ताकडे पाहतो, हा सारा व्यवहार त्या रचनेवर उभा आहे. तिचे पाय कापले की उरते ती केवळ संतचरित्राची गोष्ट.

रुंद चित्रपटांची गत याच्या उलट. 'कागज के फूल' (१९५९) हा सिनेमास्कोपमधला पहिला हिंदी चित्रपट. व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत प्रकाशाचा तो प्रसिद्ध झोत सोडला, तो दोन माणसांमधल्या अंतरात. असा रुंद चित्रपट जुन्या टीव्हीच्या चौकटीत पूर्ण भरायचा तर रुंदीतले शंभरातले चाळीसहून अधिक भाग टाकून द्यावे लागत. त्यामुळे एका वेळी एकच माणूस दिसे, आणि अंतर तर अजिबातच नाही. शिवाय मालकीहक्काची तपासणी चुकवण्यासाठी डावे-उजवे उलटवून चढवलेल्या प्रती महाजालावर सर्रास सापडतात. त्यांत दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. असे छापलेले पुस्तक आपण ग्रंथालयात घेतले असते का? आणि हा प्रकार केवळ चोरट्या प्रतींपुरता नाही. २०२१ मध्ये 'साइनफेल्ड' ही अमेरिकन मालिका नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा ती रुंद चौकटीसाठी कापलेली होती. रस्त्यातल्या खड्ड्यावर रचलेल्या एका भागात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला होता!

आता आपल्याला जवळच्या उदाहरणाकडे येऊ. 'फँड्री' (२०१३) आज बहुतेक ठिकाणी दलित साहित्याच्या अनुषंगाने शिकवला जातो. उत्तरपत्रिकांत काय येते? जब्याचे प्रेम, काळी चिमणी, गावाचा जातिभेद, अखेरचा दगड. सगळे बरोबर, आणि सगळे कथानकातले. चित्रपटातला माझ्या मते सर्वांत जहाल क्षण कथानकात नाहीच. मारलेले डुक्कर काठीला टांगून जब्या आणि त्याच्या घरचे शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे रंगवलेली आहेत. कुणी काही बोलत नाही. कॅमेरा ती चित्रे मोठी करून दाखवत नाही, बोट ठेवत नाही. पुढे ओझे चालले आहे, मागे भिंत आहे, आणि दोन्ही एकाच चौकटीत आहेत. संपूर्ण महाराष्ट्राच्या प्रबोधनावरचे भाष्य त्या एका मांडणीत आहे. मोठ्या पडद्यावर ते चेहरे माणसाएवढे होतात, आणि ते पाहत आहेत असे वाटू लागते. फोनवर ती भिंत म्हणजे पाठीमागचे काही रंगीत ठिपके. ज्या विद्यार्थ्याने भिंत पाहिलीच नाही, त्याला आपण 'फँड्रीमधील सामाजिक आशय' यावर वीस गुण देतो. तो विद्यार्थी दोषी नाही.

येथे विज्ञान शाखेतला एखादा सहकारी आडवा येईल. एका फुटावर आडवा धरलेला फोन आणि चित्रपटगृहाच्या मागच्या रांगेतून दिसणारा पडदा, दोन्ही डोळ्यांशी जवळपास सारखाच कोन करतात. मग लहान-मोठे ते काय? हिशेब बरोबर आहे. पण माणूस पाहताना नुसता कोन मोजत नाही. हातातली वस्तू ही हातातली वस्तू आहे, हे शरीराला पक्के ठाऊक असते. पडद्यावरचा चेहरा माझ्यापेक्षा मोठा असतो आणि मी त्याच्यासमोर बसलेला असतो. फोनवरचा चेहरा माझ्या तळहाताएवढा असतो आणि मी त्याला अंगठ्याने पुसू शकतो. हे दोन संबंध निराळे आहेत.

आणि आकारापेक्षाही मोठा प्रश्न काळाचा आहे. याबाबतीत आपणा साहित्याच्या माणसांना एक खास अंधत्व आहे. पुस्तक पहिल्यापासून वाचणाऱ्याच्या स्वाधीन असते. पान उलटावे, थांबावे, मागे जावे, वर्णन कंटाळवाणे वाटल्यास गाळावे. कादंबरी हे सारे गृहीत धरूनच लिहिली जाते. चित्रपट तसा केलेला नसतो. तो आपला वेळ आपल्याकडून काढून घेतो आणि आपल्या मर्जीने खर्च करतो. फोनने चित्रपटाचे पुस्तक केले. आपल्याला ते खटकले नाही, कारण हातात धरून वाचण्याची आपल्याला सवयच होती.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) घ्या. त्यातले प्रसंग, आपल्या मते महत्त्वाचे ते बोलून झाल्यावरही, चालूच राहतात. कॅमेरा जागचा हलत नाही, माणसे ये-जा करतात, पुढच्या खटल्याचा पुकारा होतो. न्यायालयात माणसाचे आयुष्य कसे झिजते, हे सांगणारे वाक्य त्या चित्रपटात नाही. ती झीज प्रेक्षकाला स्वतःच्या खुर्चीत सोसावी लागते. अखेरीकडे न्यायालयाला सुट्टी लागते, सभागृह रिकामे होते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो. चित्रपटगृहात तो अंधार सगळ्या सभागृहाचा अंधार होतो. नारायण कांबळे त्या अंधारात नेमका कुठे आहे, हा प्रश्न आपोआप पडतो. फोनवर त्या काळ्या काचेत पाहणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसते, आणि संपले असे समजून तो फोन बाजूला ठेवतो. न्यायमूर्तींच्या सहलीचा जो भाग पुढे येतो, ज्याच्यावाचून सगळ्या चित्रपटाचा अर्थ लंगडा पडतो, तो पाहायचा राहून जातो. हे टाळायला दहा-दहा सेकंद पुढे उडी मारण्याची सोय आहेच. ती तर अधिक घातक, कारण या चित्रपटाचा आशय त्या दहा सेकंदांतच राहतो.

गती वाढवण्याचेही तेच. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ही सोय आजमावायला घेतली, तेव्हा ब्रॅड बर्ड, जुड अपाटोव यांच्यासारख्या हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी उघड निषेध केला. २०२० मध्ये ती मोबाइलवर आलीच. "सर, दीडपटीवर पाहिला, पण पूर्ण पाहिला," असे आता विद्यार्थी सहज सांगतात. भीमसेन जोशींचा विलंबित ख्याल दीडपटीवर 'पूर्ण' ऐकता येतो का, एवढेच मी विचारतो.

'सैराट'च्या (२०१६) शेवटाबद्दल सर्वांनी लिहिले आहे. अजय-अतुल यांनी ज्या चित्रपटासाठी अमेरिकेत मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तो चित्रपट शेवटी आवाजच काढून घेतो. मूल दारातून आत येते, पाहते, रडते, रक्ताचे पाय उमटवत बाहेर जाते, सगळे निःशब्द. भरलेल्या चित्रपटगृहात त्या शांततेला वजन असते. थोड्या वेळापूर्वी शिट्ट्या वाजवणारी शेकडो माणसे गप्प झालेली असतात, आणि ती गप्प झाली आहेत हे प्रत्येकाला ऐकू येते. वसतिगृहाच्या खोलीत, पंखा आणि बाहेरची वर्दळ यांच्यात, आवाज गेला म्हणून विद्यार्थी आधी बटण दाबून पाहतो. त्यानंतर, जब्याचा दगड असो की हे पाऊल, चौकट लहान होऊन कोपऱ्यात सरकते आणि शेजारी पुढची शिफारस सुरू होते. दिग्दर्शकाने जिथे आपल्याला एकटे सोडायचे ठरवले, नेमके तिथेच कुणीतरी हात धरून पुढच्या दुकानात नेते.

याचा अर्थ पूर्वी सारे आलबेल होते, असा नाही. जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या चित्रपटांची रिळे तुटत, मागेपुढे लागत, दिवा मंद होई. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या चित्रपटगृहांची आणि त्यांच्या जुन्या यंत्रांची अखेरची धडपड पाहता येते. फिल्म सोसायट्यांच्या ओरखड्यांनी भरलेल्या प्रतींना नावे ठेवायला मी सर्वांत पुढे असेन. पण फाटक्या पोथीला आपण फाटकी पोथी म्हणत होतो. आजची तक्रार अशी की तुकडा समोर असतो आणि आपण त्याला ग्रंथ म्हणतो.

राहता राहिला लोकशाहीचा मुद्दा, आणि तो सर्वांत जड आहे. तालुक्याच्या गावात एकपडदा चित्रपटगृहे बंद पडली. मल्टिप्लेक्सचे तिकीट परवडत नाही. जुना मराठी चित्रपट तर तिथेही लागत नाही. फोन आला म्हणून तर आमच्या विद्यार्थ्याला 'पथेर पांचाली' पाहायला मिळाला. हे शंभर टक्के मान्य. फोनवर पाहणाऱ्या मुलामुलींविरुद्ध माझे एक अक्षरही नाही. विद्यार्थ्याची अडचण ही अडचण आहे. तिचा सिद्धांत करणारे मात्र पगारी अध्यापक आहेत, आणि 'गोष्ट कळली म्हणजे झाले' हे सांगणे गरीब विद्यार्थ्याच्या बाजूचे मुळीच नाही. शहरातल्या पैसेवाल्या मुलाला भिंत दिसेल आणि वसतिगृहातल्या मुलाला ठिपके दिसतील, ही वाटणी त्याच सांगण्याने पक्की होते. ज्याच्या जगण्यावर 'फँड्री' काढला आहे, त्यानेच तो अर्धा पाहायचा?

थांबवून, मागे नेऊन पाहण्यालाही माझा विरोध नाही. अभ्यास तसाच होतो. सतीश बहादुर आणि श्यामला वनारसे यांनी 'पथेर पांचाली'चा पाठ म्हणून जो अभ्यास केला, तो एकेका दृश्यापाशी थांबल्यावाचून होणे शक्य नव्हते. पण थांबण्याआधी एकदा अखंड पाहणे आले. कविता तोडून शिकवण्याआधी आपण ती एकदा सबंध वाचून दाखवतोच की नाही?

तेव्हा मागणी मोठी नाही. प्रबंधात आणि प्रकल्पात ग्रंथाची आवृत्ती लिहितात, तशी चित्रपटाची प्रत आणि पाहण्याची रीत लिहिली जावी. प्रोजेक्टरच्या मेनूतून चौकटीचे मूळ प्रमाण लावायला एक मिनिट लागते. काळे पट्टे दिसू द्यावेत. खिडक्यांना पडदे लावावेत. बाहेरून दोन बरे ध्वनिवर्धक जोडावेत. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी ते कपाटात असतातच. आणि चित्रपट अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात कोंबू नये. 'कोर्ट' ११६ मिनिटांचा आहे, म्हणजे सलग तीन तासिका. वेळापत्रकात हे बसत नाही, असे मला प्रत्येक विभागीय बैठकीत सांगण्यात येते. पाहुण्यांच्या स्वागतासाठी, निवडणुकीच्या प्रशिक्षणासाठी, वृक्षारोपणाच्या छायाचित्रासाठी याच वेळापत्रकातून अख्खी दुपार निघताना मी दरवर्षी पाहतो.