ओळखपत्रांची सुरक्षा आणि राज्यकर्त्यांचा कांगावा

मे २०२२ च्या अखेरीस घडलेला एक प्रसंग श्रमजीवी जनतेने विसरता कामा नये. २७ मे रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर विभागीय कार्यालयाने जनतेला जाहीर इशारा दिला : आधारपत्राची छायाप्रत कोणाही संस्थेला देऊ नका, तिचा दुरुपयोग होऊ शकतो, द्यावीच लागली तर केवळ शेवटचे चार आकडे दाखविणारी झाकलेली प्रत द्या. दोनच दिवसांनी, २९ मे रोजी, केंद्र सरकारने हा इशारा मागे घेतला. कारण काय, तर त्याचा विपर्यास होण्याची शक्यता आहे. नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगली म्हणजे झाले!

‘नेहमीची सावधगिरी’ या दोन शब्दांत राज्यकर्त्यांचे सारे धोरण सामावले आहे. कागदपत्रे मागायची सरकारने आणि मालकाने, साठवायची त्यांनीच, आणि ती चोरीला गेली की दोष मात्र सामान्य माणसाच्या निष्काळजीपणाचा! या युक्तिवादाचा समाचार घेणे आवश्यक आहे.

सावधगिरी कोणी बाळगायची? सुरतेच्या यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कामगाराने? ठेकेदाराचा मुकादम त्याला सांगतो, ‘आधार आणि पासबुकाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.’ खोली भाड्याने घेताना तेच, सिमकार्ड घेताना तेच, बचत गटाचे कर्ज घेताना तेच. अशा वेळी नकार देण्याचे स्वातंत्र्य ज्याच्यापाशी नाही त्याला सावधगिरीचा उपदेश करणे ही शुद्ध क्रूर थट्टा आहे. त्याने पाठविलेला फोटो मुकादमाच्या फोनमध्ये राहतो, तेथून कार्यालयातील संगणकात जातो, झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्रात उरतो. त्या कागदाच्या जोरावर उद्या कोणी परस्पर सिमकार्ड घेतले किंवा कर्ज उचलले, तर पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवायच्या त्याच कामगाराने.

आता सरकारी कुलपाची मजबुती पाहा. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या ई-आधारला परवलीचा शब्द असतो : नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. हा शब्द गुप्त कसा म्हणावा? ज्याच्याजवळ त्या माणसाचे दुसरे कोणतेही ओळखपत्र आहे त्याच्याजवळ ही किल्ली आहेच! जानेवारी २०१८ मध्ये चंडीगढच्या ‘द ट्रिब्यून’ने अवघ्या पाचशे रुपयांत आधारधारकांच्या नावपत्त्यापर्यंत पोहोचता येते हे दाखवून दिले. त्यावर काय झाले? बातमी देणाऱ्या पत्रकाराचेच नाव घालून गुन्हा नोंदविण्यात आला. जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांची रबरी नक्कल करून, आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून गरिबांची खाती रिकामी केल्याची प्रकरणे अनेक राज्यांच्या पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. परवलीचा शब्द बदलता येतो. बोट बदलता येत नाही.

आणि कायदा? २०१६ चा आधार कायदा धनविधेयकाच्या आडमार्गाने संमत झाला. मूळ कायद्यात गुन्ह्याची तक्रार न्यायालयात नेण्याचा अधिकार एकट्या प्राधिकरणाला होता. ज्याचे नुकसान झाले त्याला नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने तो काही मोजक्या गुन्ह्यांपुरता नागरिकाला मिळाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात कंपन्यांना अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. परंतु हा दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत. लुबाडल्या गेलेल्या माणसाला त्यातला एक पैसाही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे ४३-अ हे कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार सरकारनेच स्वतःकडे ठेवला आहे, आणि कर्तव्यात चुकलेल्या नागरिकाला मात्र दहा हजारांपर्यंत दंड! संरक्षण कोणाचे, हे वेगळे सांगावयास नको.

मात्र केवळ सरकारवर टीका करून भागणार नाही. आपल्यातही काही साथी म्हणतात की हा शहरी मध्यमवर्गाचा प्रश्न आहे. कामगाराजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय? ही भूमिका चुकीची आहे. मध्यमवर्गीयाचे कागद हरवले तर त्याची गैरसोय होते. कामगाराचे हरवले तर त्याचे रेशन, भविष्यनिर्वाह निधी आणि मजुरी अडते. दुसरे साथी नेमके उलटे टोक गाठतात : फोनमध्ये काहीच ठेवू नका, ही सारी पाळत आहे. जो बांधकाम मजूर दर सहा महिन्यांनी शहर बदलतो, ज्याची झोपडी पावसात वाहून जाते, त्याला हा सल्ला निरुपयोगी आहे. यंत्राला शत्रू समजणे ही आपली परंपरा नव्हे.

त्याहून गंभीर गोष्ट आपल्या स्वतःच्या कार्यालयांची आहे. कल्याणकारी मंडळांच्या नोंदणीसाठी, दाव्यांसाठी आपण सभासदांची आधारपत्रे, पासबुके गोळा करतो. ती उघड्या कपाटात, परवलीचा शब्द नसलेल्या संगणकात आणि कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांत वर्षानुवर्षे पडून असतात. मालकाला जो जाब विचारतो तो प्रथम स्वतःला विचारला पाहिजे.

म्हणून प्रत्येक शाखेने व युनियन कार्यालयाने पुढील कामे हाती घ्यावीत. सभासदांना झाकलेले आधार काढून द्यावे व बोटांच्या ठशांना प्राधिकरणाच्या सोयीतून कुलूप लावून द्यावे. कागदांचे फोटो गॅलरीत न ठेवता फोनच्या सुरक्षित फोल्डरमध्ये ठेवण्यास शिकवावे. पाठवून झालेला फोटो गप्पांतून आणि कचरापेटीतूनही काढून टाकावा. डिजिलॉकरमधील शासकीय यंत्रणांनी दिलेल्या प्रती कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीच्या आहेत. शक्य तेथे त्याच दाखवाव्यात. मात्र हे सारे एका मोबाईल क्रमांकावर अवलंबून आहे, आणि बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जातो. म्हणून क्रमांक बदलला की नोंदीही तत्काळ बदलाव्यात, आणि मूळ कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावेत. छायाप्रतीवर कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला दिली, हे आडवे लिहावे. कार्यालयातील संगणकाची डिस्क एन्क्रिप्ट करावी, आणि काम संपताच जमविलेल्या प्रती नष्ट कराव्यात.

ही कामे करीत असतानाच मागणी लावून धरली पाहिजे : कायद्याने आवश्यक नसेल तेथे ओळखपत्राची प्रत मागण्यास बंदी करा, माहिती ज्याच्या हातून फुटली त्यानेच नुकसान भरून द्यावे, आणि कागद वा ठसा जुळला नाही म्हणून कोणाचेही रेशन, पेन्शन वा मजुरी रोखता येणार नाही, अशी हमी द्या.

कुलूप कामगाराने लावायचे आणि किल्ली मालकाच्या व सरकारच्या खिशात, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही!