स्टेडियम मोठं, मैदान बंद



मागच्या आठवड्यात मी आठवीच्या वर्गाला निबंधासाठी विषय दिला होता, 'मी पाहिलेले क्रीडासंकुल'. आमची शाळा बारामती एमआयडीसीत. बहुतेक मुलांनी पुण्याच्या बालेवाडीवर पान-दीड पान लिहिलं. एका मुलीनं मात्र चारच ओळी लिहिल्या. शेवटची ओळ अशी होती : "मी स्टेडियम फक्त बाहेरून पाहिले आहे. आत पळायला मिळाले तर पूर्ण निबंध लिहीन."

ती वर्गात सगळ्यांत जोरात पळते. तिच्या त्या एका ओळीमुळे मी आज हे लिहायला बसलो.

आधी बालेवाडीबद्दल. आज हे नाव घेतलं की डोळ्यांसमोर स्टेडियमच येतं. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं ते 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. पुढे 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा, 2013 मध्ये आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा आणि 2019 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा तिथं झाल्या. पुण्याबाहेरच्या एका गावाची ओळखच बदलून गेली.

अशी संकुलं नकोत, असं मी मुळीच म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्यानं बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रावर सराव केलेला आहे. नेमबाजी काही गल्लीत शिकता येत नाही, तिथं संकुलच लागतं. पण पळायला? खो-खोला? कबड्डीला? त्यासाठी घराजवळची मोकळी जागा लागते, आणि ती रोज लागते.

आता मुंबईचं उदाहरण बघा. चर्चगेटच्या आसपास दोन प्रसिद्ध स्टेडियम आहेत. ब्रेबॉर्न 1937 चं आणि वानखेडे त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी बांधलेलं. पण त्याच परिसरात ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदानंही आहेत. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात, की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो! 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली, ती याच आझाद मैदानावर. सचिन 2011 चा विश्वचषक जिंकला तो वानखेडेवर. आझाद मैदान ते वानखेडे हे अंतर पायी फार नाही. पण आधी कोणती जागा आली, ते लक्षात घ्या.

आपल्या बारामतीतही डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियम आहे. 2020 मध्ये तिथं महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड असा रणजी सामना झाला. त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी एमआयडीसीत चक्कर मारून बघा. कामगारांच्या बस, मालाचे ट्रक, आणि त्यांच्यामधून वाट काढत खेळणारी मुलं. विटांचे स्टंप रस्त्यातच. दर दोन मिनिटांनी कुणीतरी ओरडतं, "गाडी आली रे!" की खेळ थांबला.

त्या मुलीची आई दुसऱ्या शिफ्टला जाते. धाकट्या भावाला घरी सोडून ती स्टेडियमवर कशी जाणार? तिला घरापासून पाच मिनिटांवर मोकळी, सुरक्षित जागा हवी. आणि तशी जागा आहे. आमच्या शाळेचंच मैदान! पण पाच वाजता शाळा सुटते आणि सव्वापाचला फाटकाला कुलूप लागतं. ते कुलूप लावणाऱ्यांत मीही आहे, हे कबूल करतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं म्हटलं आहे. ते किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, हे तर आपल्याच हातात आहे ना?

"काचा फुटतील, टवाळखोर येतील, कुणाचा पाय मोडला तर जबाबदारी कोणाची?" असं विचारलं जातं. या अडचणी खऱ्या आहेत, पण कुलूप हा त्यांवरचा एकमेव उपाय नाही. रोज आळीपाळीनं दोन पालक थांबू शकतात. एक नोंदवही, एक प्रथमोपचार पेटी आणि पाच ते सात ही ठरलेली वेळ, एवढ्यावर सुरुवात होते. मुलींसाठी मैदानाचा एक भाग राखून ठेवता येतो.

शेवटी, बालेवाडीशी नाव जुळणारं आपल्या शेजारचं एक गाव सांगतो. इंदापूर तालुक्यातलं बेलवाडी. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण तिथं होतं. तिथं ना खुर्च्या, ना तिकीट. पताका घेतलेले वारकरी पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायाबापड्या पळतात, पखवाजवाले आणि विणेकरी पळतात, आणि अश्वही धावतात. साठी उलटलेली आजीसुद्धा त्या रिंगणात धावते. तिला कुणी विचारत नाही, "तुमची निवड झाली आहे का?"

मोठ्या स्टेडियममध्ये थोडे खेळतात आणि बाकीचे बघतात. मैदानात मात्र जो येईल तो पळतो. गावाला दोन्ही हवीत, पण मैदान आधी.

येत्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे आणि संध्याकाळची किल्ली स्वतःकडे मागणार आहे. पालकहो, आठवड्यातली एक संध्याकाळ तुम्ही द्याल का?

आणि मुलांनो, तुमच्यासाठी स्वाध्याय : तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं मैदान किती पावलांवर आहे, ते मोजा. संध्याकाळी सहा वाजता त्याचं फाटक उघडं असतं की बंद, तेही बघा आणि त्यावर दहा ओळी लिहा.

त्या मुलीचा निबंध मी अजून तपासलेला नाही. तो पूर्ण व्हायचा आहे.