विश्लेषण : आयव्हीएफमधली भ्रूण-चाचणी कोर्टात का पोहोचली?

भ्रूणाची गुणसूत्रं तपासणाऱ्या काही कंपन्यांवर अमेरिकेत २०२४ मध्ये रुग्णांनी दावे ठोकले. चाचणीची अचूकता फुगवून सांगितली, हा आरोप. पण वादाचं मूळ पेशीतच आहे.

पेशी विभागण्याआधी ४६ गुणसूत्रांची प्रत्येकी एक प्रत तयार होते. दोन्ही प्रती 'कोहेसिन' प्रथिनाने बांधलेल्या असतात. त्यांना दोन्ही बाजूंनी ओढणारे धागे नीट जोडले गेले, की मगच 'सेपरेज' हे विकर तो बंध कापतं. एखादं गुणसूत्र सुटं राहिलं तर पेशी थांबते. सुरुवातीच्या भ्रूणात मात्र हा ब्रेक ढिला असतो. उंदरांच्या भ्रूणांत चूक असूनही विभाजन पुढे सरकताना दिसलंय. मग एकाच भ्रूणात काही पेशी निरोगी, काही सदोष.

चाचणीला मिळतात बाहेरच्या थरातल्या, पुढे वार बनणाऱ्या, जेमतेम पाच-दहा पेशी. शितावरून भाताची परीक्षा इथे फसते! इटलीत १८ स्त्रियांच्या गर्भाशयात असे मिश्र भ्रूण सोडले, तेव्हा सहा निरोगी बाळं जन्मली. हा अभ्यास २०१५ चा. सरसकट सगळ्यांनाच ही चाचणी उपयोगी असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांची संघटनाही म्हणते.

त्यामुळे रिपोर्टवर 'सदोष' दिसलं, तर भ्रूण टाकून देण्याआधी जोडप्याने डॉक्टरांना विचारायला हवं : पूर्ण सदोष, की मिश्र?