भोपळ्याची उशी अमेरिकेत, कापूस इकडे. शिलाईचे दाम कुणाच्या पदरात?

देवगाव फाटा (ता. सेलू) : ऑक्टोबरात शेतात कापूस वेचणीची घाई असते. पावसातून जी बोंडे वाचतात ती पदरात पाडून घ्यायची म्हणून बायामाणसं पहाटेच रानात जातात. नेमक्या याच दिवसांत अमेरिकेतल्या घरोघरी नारंगी भोपळे, काळी मांजरं आणि वटवाघळांची चित्रं असलेल्या छोट्या उशा सोफ्यावर मांडल्या जातात. ३१ ऑक्टोबरला तिकडे हॅलोविन हा सण असतो. त्या उशीचा आणि आपल्या कापसाचा काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो थेट भावाशी आहे.

हॅलोविन म्हणजे काय

सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना मेलेल्यांचे आत्मे घराकडे येतात, अशी जुनी समजूत होती. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्येला पितरांची आठवण करतात, त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाला कंटाळून आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि सण सोबत नेला. गावी ते सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. अमेरिकेत भोपळा भरपूर, म्हणून सलगमच्या जागी भोपळा आला.

आज त्याचा मोठा बाजार झाला आहे. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२५ च्या हॅलोविनचा खर्च १३.१ अब्ज डॉलर धरला होता. रुपयांत हा आकडा एक लाख कोटींच्या वर जातो. त्यात कपडे, गोळ्या-चॉकलेट आणि घराची सजावट येते. सजावटीतच या उशा आल्या. काही बाया त्या घरी शिवतात, बाकीचे लोक दुकानातून तयार घेतात.

उशीची वाट कुठून जाते

अमेरिकेला चादरी, टॉवेल, पडदे, उशांचे अभ्रे पुरवणाऱ्या देशांत भारत मोठा आहे. तमिळनाडूतलं करूर आणि हरियाणातलं पानिपत ही या मालाची मोठी ठिकाणं. आपल्या राज्यात सोलापूरची चादर आणि टॉवेल प्रसिद्ध आहे, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावरचं आयात शुल्क ५० टक्के केलं. कापडाचा मालही त्यात आला. सणाचा माल काही महिने आधीच जहाजावर चढतो, त्यामुळे २०२५ च्या भोपळ्याच्या उशांवर याचा फार परिणाम झाला नसेल. खरा प्रश्न त्याच्या पुढच्या वर्षीच्या मागणीचा होता. मागणी घटली तर सुताची मागणी घटते, आणि सूत घटलं की कापूस पडून राहतो.

दुसरा फटका इथूनच बसला. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी ही सूट ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात येण्याच्या वेळेलाच बाहेरच्या कापसाला दार मोकळं झालं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये क्विंटल होता. पण सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. पावसात भिजलेला कापूस तिथे बसत नाही. मग शेतकरी खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि मिळेल तो भाव घेतो.

एका उशीत किती कापूस

आता हिशोब पाहू. १६ इंची चौकोनी उशी रुईने भरायची तर साधारण अर्धा किलो रुई लागते. एक क्विंटल कापसातून सरकी काढल्यावर ३३ ते ३५ किलो रुई निघते. म्हणजे एका उशीला दीड किलोच्या आसपास कापूस लागला. लांब धाग्याच्या त्या हमीभावाने त्याचे झाले १२० रुपये, आणि त्यात सरकीची किंमतही आली. तिकडच्या बहुतेक उशांत तर रुईही नसते, फायबर भरलेला असतो. तो हलका असतो आणि धुता येतो. रुईच्या उशीत धुतल्यावर गोळे होतात.

उशीचा खरा पैसा कापसात नाही. तो कापड, शिलाई, नक्षी आणि वेळेवर पोचवण्यात आहे. शेतकऱ्याने कापूस विकला की त्याचा वाटा तिथंच संपतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतलं घर दर सणाला नवी उशी घेतंच असं नाही. उशी तीच ठेवून वरचा अभ्रा बदलता येतो. ऑक्टोबरात भोपळा, डिसेंबरात नाताळचं झाड. अभ्रा घडी करून कपाटात राहतो, टपालाने जातो, वजन काहीच नाही. विकायची वस्तू अभ्रा आहे, उशी नव्हे.

हे काम इथे नवीन आहे का?

मुळीच नाही. लग्नाच्या रुखवतात उशांच्या खोळी मांडायची रीत आपल्या भागात जुनी आहे. मोर, पोपट, गुलाब, कोयरी, कडेला क्रोशाची लेस. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना आजी-मावशींचा धावदोरा इतका सरळ जायचा की पट्टी लावून मोजावा. हॅलोविनच्या उशीवर नारंगी कापडाचा भोपळा कापून टाचतात, तेही आपल्या ठिगळाच्या कामासारखंच.

मशीनही गावात आलं आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. उमेद अभियानातून बचत गट उभे राहिले. अडचण अशी की मशीन घेतलं, ब्लाऊज-फॉल-पिको शिकलं, पुढे गावात दहा मशिनी आणि गिऱ्हाईक तेवढंच. शिलाईचा दर मग एकमेकींतच पडतो.

मग करायचं काय

थेट अमेरिकेला माल पाठवायचं स्वप्न कुणी दाखवलं तर सावध राहिलेलं बरं. त्या धंद्यात हजारो नग एकसारखे लागतात, रंग पक्का लागतो आणि तारीख चुकली की माल वाया. १ नोव्हेंबरला भोपळ्याची उशी पूर्ण किमतीत खपणं अवघड. शुल्काचा आकडा तर दिल्लीच्या हातातही नाही. ज्यांची मोठी यंत्रणा आहे त्यांचीच २०२५ मध्ये तिथे दमछाक झाली.

पण त्या बाजाराची रीत उचलता येते. ती म्हणजे सणाआधी माल तयार ठेवणे. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. पुढे संक्रांतीचं वाण, गुढीपाडवा, पोळा, गणपती, दिवाळी. वाणाला प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी खोळ दिली तर ती घरात वर्षानुवर्षे राहते. वेचणी संपल्यावर फेब्रुवारी ते मे रानात काम कमी असतं, तेव्हा शिवून ठेवलेलं पोळ्यापासून दिवाळीपर्यंत विकता येतं.

मोजमापही अवघड नाही. ४४ इंची पन्ह्याच्या अर्ध्या मीटर कापडात १६ इंची उशीची एक खोळ बसते. पुढचा तुकडा १७ बाय १७ इंच, मागचे दोन तुकडे १७ बाय १२ इंच, एकमेकांवर चढवून शिवले की चेनची गरज नाही. कापड आधी धुऊन घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात खोळ आखडते. समजा कापड-दोऱ्याला ६० रुपये लागले आणि खोळ १५० ला गेली, तर ९० रुपये घरात. बाईने दिवसाला तीन खोळी केल्या तर २७० झाले. पण दिवसाला एकच झाली तर वेचणीची मजुरीच बरी, हेही तितकंच खरं. म्हणून दर ठरवताना आपल्या वेळेचे पैसे धरलेच पाहिजेत.

विक्रीचा नियमही माहीत असावा. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आत ऑनलाइन कंपनीमार्फत विकतानाही अशा छोट्या विक्रेत्याला नोंदणी लागत नाही, जीएसटी पोर्टलवरून फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

यात प्रशासनाची बाजूही आहे. मशिनी किती वाटल्या याचा आकडा दरवेळी सांगितला जातो. त्या मशिनींवर वर्षभरात किती काम आलं, हे कुणी सांगत नाही. शाळेचे गणवेश, वसतिगृहांच्या चादरी-अभ्रे, दवाखान्याच्या उशांच्या खोळी ही कामं तालुक्यातच निघतात. त्यातला ठरावीक वाटा गटांना दिला तर कापसाच्या गावात शिलाईचे दाम राहतील. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.