टिकल्यांचा फंडा

'मॅथ्स? आपल्याला नाही बाबा जमत!' हॉटेलचं बिल सहा जणांत वाटायची वेळ आली की हा डायलॉग ठरलेला. म्हणा, बिनधास्त म्हणा. फक्त घरात पाच-सात वर्षांचं पिल्लू असेल, तर त्याच्यासमोर नको. गणिताची भीती मुलं शाळेतून आणतात, तशी घरातूनही उचलतात. त्यापेक्षा या रविवारी सरळ जमिनीवर बसा आणि लेगोचा डबा उपडा करा.

डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या या कंपनीने १९५८ साली ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोच ठोकळा आजही चालतो. त्यातला सगळ्यात कॉमन पीस घ्या. वर गोल गोल उंचवटे दिसतात ना? आमची भाची त्यांना 'टिकल्या' म्हणते. दोन ओळी, प्रत्येकीत चार टिकल्या. चार दुणे आठ. आता ठोकळा आडव्याचा उभा करा. बे चोक आठ! उत्तर तेच का, हे सांगावंच लागत नाही.

खरी गंमत अपूर्णांकांची. भाचीचं लॉजिक एकदम क्लिअर होतं: चार हा दोनपेक्षा मोठा, म्हणून एक चतुर्थांश अर्ध्यापेक्षा मोठा. बहुतेक मुलं इथेच अडकतात. मी आठ टिकल्यांचा ठोकळा 'एक अख्खा केक' म्हणून ठेवला. त्यावर चार टिकल्यांचे ठोकळे बसले दोन, दोन टिकल्यांचे बसले चार. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, ''मावशी, जास्त जण आले की केक छोटा मिळतो!'' बस्स. आजोबांच्या पिढीने पावकी-निमकी घोकून जे पाठ केलं, ते हिने बोटांनी चाचपून पाहिलं.

पुढची लेव्हल: एका टिकलीचे सुटे ठोकळे घ्या. एक ठेवा. त्याच्या दोन बाजूंनी तीन लावा, चौरस होतो. मग पाच लावा, मग सात. प्रत्येक वेळी नवा चौरस: १, ४, ९, १६. वर्गसंख्या म्हणजे खरोखरच चौरस, हे आपल्याला शाळेत कुणी असं दाखवलं होतं?

आणि तुमच्यासाठी होमवर्क. आठ टिकल्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे एकमेकांत किती प्रकारे बसतील? २४. सहा ठोकळे घेतले तर? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५!

ब्रँडेडच हवेत असं नाही, एकमेकांत नीट बसणारे कुठलेही ठोकळे चालतील. रूल एकच: उत्तर आपण सांगायचं नाही. मूल गप्प बसलं असेल तर बसू द्या, तेव्हाच तर डोकं चालू असतं.

आणि हो, खेळ संपल्यावर ठोकळे मोजून डब्यात भरा. रात्री अंधारात त्यातल्या एकावर पाय पडला, की काय होतं ते आईबाबा मंडळींना विचारा!